.३२ पिस्तुलाला बाहेरचं मॅगझिन: गोळी अडते ती नेमकी कशामुळे?

तापीकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. पिस्तूल परवान्यावरचं जुनं वॉल्थर पीपी, काडतूस .३२ एसीपी. मूळ मॅगझिनच्या (गोळ्या भरायची पेटी) एका लिपला (वरची गोळी धरून ठेवणारी दुमडलेली कड) मागच्या बाजूने बारीक चीर गेली आहे, म्हणून डीलरकडून दोन बाहेरची मॅगझिनं घेतली. अंगावर ना कंपनीचं नाव, ना कॅलिबरचा शिक्का. त्यांना अ आणि ब म्हणू.

अ: आठ गोळ्या भरल्या की पहिलीच चेंबरमध्ये (गोळी उडते ती जागा) जात नाही, स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अर्ध्यावर थांबते. सातच भरल्या तर सगळ्या जातात.
ब: सुरुवातीच्या गोळ्या सुरळीत. शेवटच्या दोनांपैकी एक नाक खाली घालून रॅम्पच्या (गोळीला चेंबरमध्ये चढवणारा उतार) पायथ्याशी अडकते. मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे थांबत नाही, बंद होते.

त्याच डब्यातली काडतुसं मूळ मॅगझिनमधून बिनतक्रार चालतात. स्प्रिंग ओढून लांब करा असा सल्ला मिळालाय. करावं का? आणि चीर गेलेल्या मॅगझिनचं काय करायचं?

जुना_आर्मरर
आधी चीर. लिपला चीर गेली की ते मॅगझिन संपलं. वेल्डिंग करून घेऊ नका. लिपचं पोलाद कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो आणि मग लिप दर भरणीला थोडी थोडी उघडत जाते. पक्कडीने आत दाबलीत तर चीर वाढेल. पण फेकू नका. त्यातली स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून गोळ्या वर ढकलणारा तुकडा) आणि तळपट्टी तुमच्याकडची सगळ्यात भरवशाची मापं आहेत. पुढे लागतील.

स्प्रिंग ओढायची नाही. ओढल्यावर ती दिसते लांब, पण तार मर्यादेपलीकडे वाकवलेली असते. पाच-दहा वेळा भरली की मूळ लांबीच्याही खाली बसते. वर वेटोळी एकसारखी उरत नाहीत, एका जागी उघडी आणि दुसऱ्या जागी दाट होतात, आणि फॉलोअर तिरका चालायला लागतो. म्हणजे एक दोष झाकायला दुसरा घेतला.

तुमची लक्षणं चांगली लिहिली आहेत, निम्मं निदान त्यातच झालं. गोळी कुठे आणि कशी अडली हे न बघता लोक थेट स्लाइड ओढून जाम मोकळा करतात आणि मग "पिस्तूल खराब" म्हणतात. जाम झाला की पिस्तुलाची नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून लांब ठेवून, आधी इजेक्शन पोर्टमधून (केस बाहेर पडायची खिडकी) बघायचं:

नाक खाली, रॅम्पच्या पायथ्याला टेकलेलं: मॅगझिन खाली बसतंय, किंवा स्प्रिंग कमजोर आहे, किंवा फॉलोअर पुढे झुकतोय, किंवा लिप पुढच्या बाजूला जास्त आवळलेली आहे.

नाक वर, गोळी पोर्टमध्ये उभी: लिप पसरलेली आहे, गोळी वेळेआधी सुटते.

स्लाइड पूर्ण बंद, चेंबर रिकामं, मॅगझिनमध्ये मात्र गोळ्या: गोळ्यांचा थर वर यायच्या आत स्लाइड परत निघून गेली. स्प्रिंग, मॅगझिनच्या नळीला बसलेला पोचा, किंवा मॅगझिन कॅचपर्यंत (त्याला धरून ठेवणारी कळ) पूर्ण न चढणं.

दोन वस्तू एकत्र अडकल्या असतील तर चेंबरमध्ये काय आहे ते बघा. रिकामं केस (काडतुसाचं पितळी आवरण) असेल तर दोष एक्स्ट्रॅक्टरचा (केस ओढून काढणारा आकडा) किंवा घाणेरड्या चेंबरचा, मॅगझिनला बोल लावू नका. दोन्ही न उडालेल्या गोळ्या असतील तर लिप तपासा.

रिकामं केस चिमणीसारखं उभं राहिलं तर त्यात मॅगझिनचा हात क्वचितच असतो.

वांग्याचं_भरीत
भाऊ, मना बी पीपीच शे आनि ब सारखीच गंमत. स्लाइड मागे थांबत नाही याचा मॅगझिनशी काय संबंध? तो तर पिस्तुलाचा खटका ना?

जुना_आर्मरर
पीपीमध्ये बाहेरून दाबायचा स्लाइड-स्टॉपचा खटकाच नाही. आत जो इजेक्टर (रिकामं केस बाहेर फेकणारा भाग) आहे तोच शेवटच्या गोळीनंतर वर उचलला जाऊन स्लाइड अडवतो, आणि त्याला उचलतो मॅगझिनचा फॉलोअर. बाहेरच्या मॅगझिनमध्ये फॉलोअरची ती कड पातळ असली, गोलाई घेतलेली असली किंवा प्लास्टिकची असून दबलेली असली, तर तो इजेक्टरला नीट उचलत नाही. स्प्रिंग मऊ असेल तरी तोच परिणाम, कारण वर ढकलायला शेवटी जोर उरत नाही.

सगळ्या पिस्तुलांना हे लागू नाही. कोल्ट १९०३ मध्ये शेवटच्या गोळीनंतर स्लाइड थांबायची सोयच नाही. तिथे ती बंद झाली तर तो दोष नव्हे.

भुसावळ_जंक्शन
काडतुसाकडून थोडं सांगतो, कारण .३२ एसीपीत एक जन्मजात अडचण आहे.

हे काडतूस जॉन ब्राउनिंगचं, १८९९ पासूनचं. युरोपात याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. केसचं बूड पूर्ण रिमलेस नाही, अर्धवट रिम (बुडाची बाहेर आलेली कड) आहे. केसचा व्यास सुमारे ८.५ मिमी, रिमचा सुमारे ९.१ मिमी. म्हणजे रिम केसच्या अंगाबाहेर जरा डोकावते. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे असेल तर ठीक. ती मागे गेली की वरची गोळी पुढे सरकताना खालचीत अडकते. याला रिम-लॉक म्हणतात आणि तो झटका मारून सुटत नाही. मॅगझिन काढून, वरची गोळी दाबून, हलकेच सोडवावी लागते.

पूर्ण जॅकेट असलेल्या साध्या काडतुसाची एकूण लांबी २५ मिमीच्या आसपास असते, तेव्हा ती मॅगझिनमध्ये मागेपुढे फारशी हलत नाही. नाक बोथट किंवा पोकळ असलेली आखूड काडतुसं भरली की जागा उरते आणि रिम मागे घसरते. बाहेरच्या मॅगझिनची गोम अशी की काहींची नळीच आतून मागेपुढे एक-दीड मिमी जास्त लांब असते. मग साध्या काडतुसालाही रिम-लॉक होतो आणि माणूस स्प्रिंग बदलत बसतो.

तपासायचं कसं: व्हर्निअर आतल्या जबड्याने नळीत घाला आणि मूळ मॅगझिनशी ताडून बघा. आकडा पाठ करू नका, फरक बघा. भरताना प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या पुढच्या भागावर दाबून मागे सरकवायची. भरून झाल्यावर बाजूच्या भोकांतून रिमांची रांग दिसते, वरून खाली प्रत्येक रिम आधीच्या रिमपेक्षा किंचित मागे.

आणखी एक. आपल्याकडे नुसतं ".३२" म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी येतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं, पूर्ण रिमचं आणि लांब. पिस्तुलाचं .३२ एसीपी वेगळं. डीलरच्या काउंटरवर मॅगझिन मागताना पिस्तुलाचं मॉडेल आणि "एसीपी" दोन्ही सांगा. पीपी आणि पीपीके सुद्धा एक धरू नका. पीपीचं आठ गोळ्यांचं, पीपीकेचं सातचं आणि आखूड.

सातपुडा_पायथा
तांत्रिक चर्चेत मध्येच कायद्याचं बोलतो, पण बोलायला हवं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "शस्त्र" या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ५ खाली शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तपासून देणं, सगळ्याला परवाना लागतो. म्हणून एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे नमुना देऊन "अशी दोन नळ्या काढून दे" हा उद्योग कोणी करू नये. त्याचाही गळा अडकतो, आपलाही. चोपड्याच्या पलीकडे उमर्टीचं नाव पोलिसांच्या बातम्यांत बेकायदा पिस्तुलांसाठी येतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शिक्का नसलेली, बिल नसलेली वस्तू तपासणीत दाखवताना त्याच रांगेत उभं राहावं लागेल. डीलरकडून बिल घ्या, बिलावर मॉडेल लिहून घ्या.

झाडून-पुसून ठेवणं, मापं घेणं, स्प्रिंग-फॉलोअर काढून परत बसवणं इतपत परवानाधारकाने करावं. लिप वाकवणं, खाच घासणं हे परवानाधारक आर्मररकडे.

तापीकाठ
बिल आहे, मॉडेल लिहिलेलं नाही. डीलरकडे जाऊन लिहून घेतो.
मग मापं कुठली घ्यायची ते एकदा क्रमाने सांगाल का, आर्मररकाका?

जुना_आर्मरर
घ्या. पण सुरुवातीला जिवंत काडतुसं खोलीबाहेर ठेवा. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनेही बघा. पुढचं सगळं स्नॅप कॅपवर (सरावाची खोटी काडतुसं).

पहिलं माप खाचेचं. मॅगझिनला जी खाच आहे तिची वरची कड कॅचवर टेकते आणि सगळं मॅगझिन तिच्यावर लटकतं. या कडेपासून लिपच्या माथ्यापर्यंतचं अंतर मूळ मॅगझिनवर मोजा, मग अ आणि ब वर. बाहेरच्या मालात सर्वात जास्त चूक इथेच असते, कारण खाच पंचने मारतात आणि पंच झिजला की जागा सरकते. अंतर कमी भरलं तर मॅगझिन तेवढं खाली बसणार, आणि स्लाइडला गोळीच्या बुडाची पकड कमी मिळणार. अर्धा मिलिमीटरही पुरतो. अंतर जास्त भरलं तर लिप स्लाइडच्या पोटाला किंवा इजेक्टरला घासते. घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतात.

माप न घेताही अंदाज येतो. रिकामं मॅगझिन घालून खालून वर दाबा, मग सोडा. हललं तर किती हललं ते बघा. मूळ मॅगझिन जेवढं हलतं त्याहून जास्त हललं तर खाच मोठी आहे. असं मॅगझिन तळहात टेकवून धरल्यावर चालतं आणि पकड बदलली की अडतं. एकदा चालतं-एकदा नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसरं लिपचं. पुढे, मध्ये, मागे अशा तीन जागी दोन लिपमधलं अंतर. डावी-उजवी उंची सारखी आहे का ते सपाट काचेवर मॅगझिन उलटं टेकवून बघा, एका बाजूने उजेड दिसला तर लिप वाकडी. नंतर कापसाचा बोळा लिपच्या आतल्या कडेवरून फिरवा. तंतू अडकला तिथे बर (धातूची बारीक खडबडीत कड) आहे. पितळेच्या केसवर लांब ओरखडे येतात ते याच बराचे.

तिसरं नळी. फॉलोअर आणि स्प्रिंग काढून बाहेरून रुंदी वर, मध्ये, खाली मोजा. मध्ये फुगलेली असेल तर बटण दाबल्यावर मॅगझिन आपोआप सुटत नाही. आतली वेल्डची शिवण नखाला लागते का बघा. जाड रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर फॉलोअर तिथेच चिकटतो.

तळपट्टी सरकवताना अंगठा स्प्रिंगवर ठेवा आणि चेहरा बाजूला. स्प्रिंग कुठल्या बाजूने, कुठलं टोक वर होतं, त्याचा फोटो आधी काढा. उलटी बसलेली स्प्रिंग हा सगळ्यात फुकटचा दोष आहे.

आता अ बद्दल. आठ भरल्यावर वरची गोळी अंगठ्याने दाबून बघा. दोन-तीन मिमी तरी खाली गेली पाहिजे. जात नसेल तर वेटोळी एकमेकांना भिडलेली आहेत. स्प्रिंगची तार जाड किंवा वेटोळी जास्त, किंवा फॉलोअर उंच. तेव्हा पहिली गोळी लिपला इतकी घट्ट दाबलेली असते की स्लाइडचा जोर ती सोडवण्यातच संपतो. लोक इथे वेटोळी कापतात. कापली की भार सगळीकडे कमी होतो आणि मग अ चं ब होतं.

नेमबाज_नंदुरबार
काका, .२२ वाल्यांचीही थोडी भर घालते, कारण मुलं स्पोर्ट पिस्तुलाला बाहेरची मॅगझिनं घेतात. .२२ एलआर पूर्ण रिमचं आहे, त्यामुळे रिम-लॉक तिथे रोजचाच. २५ मीटरच्या सामन्यात पाचच गोळ्या भरायच्या असतात, तरी पाचातही होतो. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा ठोका, गोळ्या मागे एका रेषेत बसतात.

शिशाच्या गोळीवरचं मेण लिपवर जमतं. उन्हाळ्यात ते चिकट होतं, त्यात दारूची राख मिसळते आणि लिपची आतली जागा दिसायला तीच, प्रत्यक्षात अरुंद. दर शंभर-दोनशे गोळ्यांनी कोरड्या कापडाने पुसा.

सामन्यात अडलं तर हात वर करून पिस्तूल टार्गेटच्याच दिशेने धरायचं, स्वतः उघडायचं नाही. पण नेमबाजाला स्वतः टाळता आला असता असा दोष ज्युरी मान्य करत नाहीत. अनोळखी मॅगझिन सामन्याला न्यायचंच नाही.

केळीची_बाग
एक शंका. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते म्हणतात. खरं काय?

भुसावळ_जंक्शन
चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही. तिला मारतं ते वारंवार दाबणं-सोडणं, आणि मर्यादेबाहेर दाबणं. नवीन स्प्रिंग पहिल्या काही भरण्यांत थोडी आखूड होते आणि मग तिथेच थांबते, हे अपेक्षित आहे. न थांबता आखूड होतच गेली तर तार हलकी. मोकळी लांबी मोजून तळपट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

तरीही घरात भरलेलं मॅगझिन ठेवू नका, पण त्याचं कारण स्प्रिंग नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात, पिस्तूल वेगळ्या.

जळगाव४५डिग्री
प्लास्टिक बॉडीच्या मॅगझिनबद्दल कोणी लिहिलं नाही. वैशाखात इथे पारा ४५ पार जातो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. हलक्या प्लास्टिकची लिप भरलेल्या अवस्थेत अशी तापली की हळूहळू बाहेर पसरते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. वरची गोळी नुसत्या धक्क्याने उडून बाहेर पडायला लागली तर समजा.

दुसरं तेल. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नाही. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामातला कापसाचा रवा तेलाला धरतो आणि फॉलोअरखाली लगदा होतो. तेल काडतुसाच्या प्रायमरपर्यंत (दारू पेटवणारी टोपी) झिरपलं तर गोळी दगा देते ते वेगळंच. आतून कोरडं, बाहेरून तेलाचा हात फिरवून पुसून काढलेलं, बस. चामड्याच्या कव्हरात पावसाळ्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि लिपच्या कडेला पहिला गंज येतो.

धुळेकर_अण्णा
सगळी बाहेरची मॅगझिनं वाईट असा सूर लागलाय, तो बरोबर नाही. इटलीतल्या ब्रेशियाजवळची मेक-गार कंपनी कित्येक पिस्तूल कंपन्यांना त्यांची "मूळ" मॅगझिनं बनवून देते. तिचं स्वतःच्या नावाचं मॅगझिन बाहेरचं म्हणायचं की मूळ? खरी गोम शिक्का नसलेल्या मालात आहे. जुन्या आयात पिस्तुलांची मूळ मॅगझिनं इथे दुर्मिळ, मागणी आहे आणि पर्याय नाही, म्हणून कसलीही नळी खपते.

जुना_आर्मरर
अण्णा, मान्य. फक्त नावावरही डोळे झाकून जाऊ नका. नामांकित मॅगझिन सुद्धा पन्नास-साठ वर्षं झिजलेल्या पिस्तुलाच्या कॅचवर खाली बसू शकतं. तिथे कॅच झिजलेला असतो.

आणि एक उलटी बाजूही आहे. पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) थकली असेल तर स्लाइड जोरात मागे आदळते आणि परत येते तेव्हा कमजोर मॅगझिनला गोळी वर आणायला वेळ मिळत नाही. मूळ मॅगझिनची स्प्रिंग दमदार असल्यामुळे तिथे ते झाकलं जातं. त्यामुळे "मूळ चालतं म्हणजे पिस्तूल निर्दोष" हे अर्धंच खरं.

तापीकाठ
मापं घेतली. खाच ते लिप: ब मूळच्या बरोबरीचं, अ सुमारे ०.३ मिमी कमी. अ मध्ये आठ भरल्यावर वरची गोळी जेमतेम हलते. ब ची स्प्रिंग मोकळी मूळपेक्षा बरीच आखूड, आणि फॉलोअर प्लास्टिकचा, इजेक्टरला लागणारी कड गोल झालेली. मूळची स्प्रिंग आणि फॉलोअर ब मध्ये टाकले तर स्नॅप कॅपवर शेवटच्या दोन्ही नीट जातात आणि स्लाइड मागे थांबते.

जुना_आर्मरर
मग ब ची नळी चांगली निघाली. मूळचा आतला माल तिच्यातच राहू द्या, फॉलोअर तिरका होत नाही ना ते बोटाने वरून पुढे-मागे दाबून एकदा बघा.

स्नॅप कॅप हलके असतात, त्यामुळे रेंजवर खरी परीक्षा बाकी आहे. परवान्यावरच्या कोट्यात बसेल असं करा. ब मध्ये आधी दोनच गोळ्या भरून बघा, शेवटच्या दोनांचाच प्रश्न होता. मग पाच, मग आठ, आणि आठची भरणी पुन्हा एकदा. स्लाइड हाताने हळू सोडू नका, पूर्ण ओढून सोडून द्या. कुठे अडलं तर मॅगझिनच्या तळाला रंगाने लिहिलेलं अक्षर आणि कितवी गोळी, एवढंच वहीत टिपा.

अ वर ७ लिहा आणि सातच भरा. ती ०.३ ची कमतरता खाच घासून भरून येत नाही, वरची कड घासली तर मॅगझिन आणखी खाली जाईल. रेंजच्या सरावापुरतं ठेवा किंवा डीलरला मापासह परत करा.

वांग्याचं_भरीत
आर्मररकाका, मन्या दोन्ही मॅगझिनना फॉलोअर प्लास्टिकनाच शेतस. पत्र्याचा फॉलोअर सुटा मिळतो का?

जुना_आर्मरर
पीपीसाठी सुटे स्प्रिंग-फॉलोअर डीलर मागवून देऊ शकतो, पण मॉडेल आणि कॅलिबर दोन्ही लिहून द्या. पीपी .३८० मध्येही येतं आणि त्याचा फॉलोअर दिसायला जवळपास तसाच. आला की बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून इजेक्टरला लागणाऱ्या कडेची उंची ताडा.